उशाशी चपला

सांगली,
१२ जून २००६

सौ. सुचित्राताई यांना साधनाचा नमस्कार.

सिंगापूरहून मी सुखरूप पोचले. फोनवर बोलणं झालं खरं, पण त्याला बोलणं म्हणायचं का? तुमच्या मागे क्षिप्रा, तिच्या मागे वरुणराव, आणि एवढ्याशा फ्लॅटमध्ये दोघी विहिणी काय बोलतात याकडे सगळ्यांचे कान. टेलिफोन खात्यात माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्यात गेली. स्वतःला काही सांगायचं असेल तर मला पत्रच बरं वाटतं. मुलांना ते वाचून दाखवायची गरज नाही.

आपली पाळी आता छान बसली आहे. माझ्या तिथे राहण्याच्या पासाची मुदत भरली की मी उतरते, तुम्ही चढता. तुमची भरली की उलट. दोघी एकाच वेळी नकोत असं कुणी तोंडाने म्हटलेलं नाही, पण सगळ्यांना ते पटलेलं दिसतं. मलाही पटलेलं आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

निघताना निहारला नेहमीप्रमाणे दुपारी झोपवलं आणि तो गाढ झोपल्यावर बॅग उचलली. रडारड नको, त्याचे हाल नकोत. तुम्हीही मागच्या खेपेला असंच केलंत. फक्त माझी करंगळी त्याच्या मुठीतून सोडवायला फार वेळ लागला. एकेक बोट उलगडावं लागलं. माझी करंगळी धरल्याशिवाय तो झोपतच नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवते, म्हणजे तुमची धरली नाही तर तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सवयीचा प्रश्न असतो.

वरणात लिंबू पिळू नका, त्याला आवडत नाही. तूप मात्र हात सैल सोडून. आणि मला 'माई' म्हणतो, ते विसरू देऊ नका. अडीच वर्षांचं पोर, लगेच विसरतं.

तुमची,
साधना

---

आंग मो किओ,
२६ जून २००६

प्रिय साधनाताई,

पत्र मिळालं. मुलांना वाचून दाखवलं नाही.

करंगळीची चिंता करू नका. आठवडाभरात निहारने माझं अख्खं मनगट ताब्यात घेतलं आहे. झोपेत कूस बदलली तरी सोडत नाही. मी पुस्तक वाचायला म्हणून हात काढून घेतला तर डोळे टक्क उघडे. वरुण लहान असताना मी कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे असं कुणी माझ्या मनगटाला लटकलेलं मला माहीत नव्हतं. या वयात मिळालं, सुख वाटतं.

तो तुमची आठवण काढून रडला का, हे तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रभर विचारलेलं आहे. नाही रडला. पहिल्या दिवशी दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकपाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला, मग आत आला. तुमचं नावही काढलं नाही. मुलं लवकर रुळतात हो. जवळच्या माणसांनी मनाला लावून घ्यावं असं त्यात काही नसतं.

एक बोलू का? त्याला बागुलबुवाची भीती कुणी घातली ते मी विचारत नाही, कारण घरात आधी कोण होतं हे मला माहीत आहे. भीती दाखवून खाल्लेला घास अंगी लागत नाही. मी फ्रिजवर एक कागद लावला आहे. सगळा भात संपवला की त्यावर चांदणी चिकटवायची. चांगल्या वागण्याला शाबासकी मिळाली की ते वागणं टिकतं, हे मी जन्मभर शिकवलं. फ्रिजचं दार आता आकाशासारखं दिसतं.

आणि गंमत ऐका. तो माझ्या चपला आत आणतो. रॅकवरून उचलतो, छातीशी धरतो आणि आपल्या उशीशेजारी ठेवतो. क्षिप्रा ओरडते, बाहेरच्या चपला गादीवर म्हणून. मी म्हटलं, असू दे. आमच्या मानसशास्त्रात याला अनुबंध म्हणतात. मूल एका माणसाशी बांधलं जातं आणि त्या माणसाच्या वस्तूदेखील त्याला जवळ लागतात.

आता महत्त्वाचं. ही बातमी क्षिप्राने तुम्हाला कळवली नसावी, म्हणून मी कळवते. वरुणची जुरोंग आयलंडची कंपनीची बस पहाटेच येते. क्षिप्राची बँक पार दुसऱ्या टोकाला, चांगी बिझनेस पार्कात. दोघं दमून जातात. निहारला वर्षभर भारतात ठेवावं असं त्यांच्या मनात आहे. कुणाकडे, ते ठरलेलं नाही. मी माझं मत दिलेलं नाही. पण पुण्यात शाळा चांगल्या आहेत आणि मुलाचं मन कसं घडतं हे कळणारं माणूस घरातच आहे, एवढंच म्हटलं.

लोभ आहेच. वाढायला भरपूर जागा आहे.

आपली,
सुचित्रा

---

सांगली,
१५ जुलै २००६

सुचित्राताई,

बातमी मला तुमच्याकडून कळावी हे वाचून मी रेडिओ बंद केला. क्षिप्राला विचारलं, तर म्हणाली, "आई, अजून काही ठरलेलं नाही, तू उगाच सुरू होऊ नकोस." मी सुरू झाले नाही. फक्त एवढंच म्हटलं की आमच्याकडे तळमजला आहे, मागे पेरूचं झाड आहे, आणि शेजारच्या दोन्ही घरांत त्याच्या वयाची पोरं आहेत. पुण्यात तुमच्या चौथ्या मजल्यावर तो कुणाशी खेळणार? फ्रिजशी?

तुम्ही मत दिलं नाही म्हणता. मत न देता एवढं बोलता येतं, तर दिल्यावर काय होत असेल.

चपलांचं वाचून मला हसू आलं. तुम्हाला वाटलं, ते तुमच्याच वाट्याला आलं. अहो, माझ्या चपलाही तो उशाशी घेऊन झोपायचा. त्यातली एक तर पोटाशी. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, म्हटलं उगाच तुम्हाला वाईट वाटेल. आणखीही सांगते. आम्ही बुवा-कुक खेळायला बसलो की तो मला तोंडावर पदर घेऊ देत नसे. पदर घेतला रे घेतला की ओढून काढायचा आणि माझे गाल दोन्ही हातांनी धरून बघत राहायचा. सगळी पोरं त्या खेळात खिदळतात, हा नाही. त्याला माझा चेहरा एवढा वेळसुद्धा डोळ्यांआड चालत नसे. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात ते कळवा.

बागुलबुवाचं म्हणाल, तर तो मी एकदाच आणला होता, आणि तोही मवाळ होता.

तुम्ही मुलाची आई, तुमचा शब्द मोठा. पण नातू दोघींचा आहे. हे शांतपणे लिहिते आहे असं समजून वाचावं.

साधना

---

आंग मो किओ,
१६ ऑगस्ट २००६

प्रिय साधनाताई,

शांतपणेच वाचलं. दोनदा वाचलं.

वाद नको म्हणून मी एक साधा प्रयोग केला. वर्गात दरवर्षी मी तो फळ्यावर काढून दाखवायची. मूल खोलीत खेळत असतं. त्याचं जवळचं माणूस उठून बाहेर जातं आणि थोड्या वेळाने परत येतं. जाताना आणि परत आल्यावर मूल कसं वागतं, त्यावरून त्याचा अनुबंध कुणाशी आणि किती घट्ट आहे ते कळतं. रविवारी दोघं घरी होते. निहार हॉलमध्ये त्याची लाल बस चालवत होता.

आधी क्षिप्रा बाहेर गेली, व्हरांड्यात लिफ्टपर्यंत. निहारने मान वर केली, परत बस चालवली. ती आली, तरी बस चालूच. मग मी उठले. मी लोखंडी जाळीच्या दाराला हात लावला आणि त्याने बस भिरकावली. "आजी no go!" असा टाहो फोडला, की समोरच्या चिनी आजीबाई दार उघडून बघायला आल्या. मी परत आले तर मानेला जी मिठी मारली ती दूध आणलं तरी सोडली नाही. किती वेळ हुंदके देत होता. वरुण म्हणाला, "आई, जिंकलीस." क्षिप्रा स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले पेले परत धुवायला लागली. तिला थोडं लागलं असणार, पण शास्त्राला कुणाची भीड नसते.

तुमच्या बुवा-कुकला काय म्हणतात ते विचारलंत. मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं की नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असतेच, हे त्याला उमगतं. म्हणून तर त्या खेळात मजा येते. निहारला ती येत नसे, म्हणजे तुमच्याकडे असताना तो त्या बाबतीत थोडा मागे पडला असावा. काळजीचं काही नाही, माझ्याकडे भरून निघेल.

हल्ली तो दुपारी झोपत नाही. पेंगतो, पण उठून बसतो. मोठा होतो आहे, झोप कमी होणारच.

माझी मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. इथल्या मराठी मंडळाचा गणपती करून मी निघेन. तोवर मुलं ठरवतील असं दिसतं. मी वरुणला प्रयोगाची टिपणं दिली आहेत.

आपली,
सुचित्रा

---

आंग मो किओ,
२१ सप्टेंबर २००६

सुचित्राताई, नमस्कार.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी इथे उतरले. तुमची खोली स्वच्छ होती. डब्यात मेतकूट ठेवलं होतंत, ते संपवलं. आधी गोड बातमी सांगते. क्षिप्राने मन पक्कं केलं आहे, निहार जानेवारीत माझ्याबरोबर सांगलीला येणार. तुमची टिपणं तिने वाचली आणि त्यानंतरच तिने हे ठरवलं. का, ते तिलाच विचारा. मी एक अक्षर बोलले नाही.

तुम्ही काळजीत असाल म्हणून सांगते, तो तुमच्यासाठी रडला नाही. तुम्ही त्याला दुपारी थोपटून निघालात. तो उठला, रॅकपाशी गेला, तुमच्या चपला जिथे असायच्या तिथे हात लावून बघितला आणि आत आला, असं क्षिप्रा म्हणाली. तुमचं नावही काढलं नाही. मुलं लवकर रुळतात, हे तुमचंच वाक्य.

आता माझ्या चपला उशाशी आहेत. डावी उशीखाली, उजवी हातात. बाथरूमला गेले तर बाहेर दाराला टेकून बसतो. एवढा लळा मी क्षिप्राच्या वेळीही पाहिला नव्हता. फक्त झोपेचं तेवढं विचित्र झालं आहे. डोळे मिटायला लागले की स्वतःलाच चिमटे काढतो. काल भात खाताना बसल्या बसल्या कलंडला, तर दचकून उठला आणि आधी माझ्याकडे बघितलं. गादीही ओली करायला लागला आहे. क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराने ठणठणीत आहे. तुमच्या चांदण्यांचा ताण आला असावा, असं मला वाटतं. मी फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

तब्येतीला जपा. चौथा मजला चढू नका.

तुमची,
साधना

---

पुणे,
५ ऑक्टोबर २००६

प्रिय साधनाताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मला तुमचा इतका हेवा वाटला, की मी ते घडी करून डाळीच्या डब्यामागे ठेवलं. निहार माझ्या नाही, तुमच्या घरी जाणार, हे मला सहन झालं नाही. शास्त्र शिकलेल्या बाईला असं होतं का, असं विचाराल. होतं. फक्त तिला त्याचं नाव माहीत असतं, एवढाच फरक.

मग तुम्हाला खोडून काढायचं म्हणून मी ते परत वाचायला घेतलं. तुमच्या प्रत्येक वाक्याला उत्तर शोधत होते आणि प्रत्येक ठिकाणी मला माझंच वाक्य सापडत गेलं. रॅकपाशी उभा राहिला. नाव काढलं नाही. चपला उशाशी. हात सोडत नाही. तुम्ही तुमच्या लळ्याच्या खुणा लिहिल्यात, मी माझ्या लिहिल्या होत्या, आणि त्या सगळ्या सारख्याच. साधनाताई, दोन वेगळ्या बायकांवर मूल इतकं हुबेहूब प्रेम करत नाही. हे प्रेम नाही. तो आपल्यावर पहारा ठेवतो आहे.

त्याच्या बाजूने बघा. एक बाई रोज भरवते, न्हाऊ घालते, थोपटते. एका दुपारी तो झोपतो आणि उठतो तेव्हा ती नसते. कुणी काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी येते. तिच्याशी जरा जुळतं, आणि एका दुपारी परत तेच. आपण दोघींनी मिळून हे त्याला किती वेळा दाखवलं. त्याने त्यातून नियम काढला, आणि त्याच्या वयाला तो अगदी बरोबर आहे: आपण झोपलो की माणूस जातं. म्हणून चिमटे. म्हणून चपला, कारण चपलांशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. म्हणून पदर नको. तो मागे पडलेला नव्हता. चेहरा झाकला की तो परत दिसेलच असं नाही, हे आपणच त्याला शिकवलं होतं.

नाव काढत नाही, याचा आपल्याला किती आनंद झाला. जे मूल रडतं, त्याला कुणी परत येईल अशी आशा असते.

आणि माझा प्रयोग. परत आलेल्या माणसाच्या कुशीत शिरून मूल शांत झालं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर ते निर्धास्त. जे शांतच होत नाही, ते धास्तावलेलं. हा भाग मी परीक्षेत हमखास विचारायची. वरुणच्या टिपणांत तो लिहिला नाही, कारण मी जिंकले होते. क्षिप्राला तो माहीत नसेल, पण आपलं मूल आजीसाठी असं ओरडतं यात काही बरं नाही, हे तिने पेले धुताधुता ओळखलं असणार. म्हणून तिने तुमची निवड केली. मी तिच्या जागी असते तरी केली असती.

आता ऐका, रागावू नका. त्याला पुण्याला नको आणि सांगलीलाही नको. वर्षभर पाठवायचं म्हणजे या वेळी आई-बापच नाहीसे होणार. मी वरुणला तसं कळवते आहे. आणि तुमची मुदत संपण्याआधी मी तिथे येते. दोघी एकत्र राहू. तुम्ही निघताना तो जागा असला पाहिजे. तुम्ही जाताय हे त्याला दिसलं पाहिजे, आणि रडला तर रडू द्यायचं, कावळा दाखवायचा नाही.

सुचित्रा

---

आंग मो किओ,
२४ ऑक्टोबर २००६

सुचित्राताई,

तुमच्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही ते बरं केलं. पहिलं उत्तर मी मनातल्या मनात दिलं होतं, ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. म्हटलं, बघा. पोरगं माझ्याकडे यायचं ठरलं, तर बाईसाहेबांना लगेच नवं शास्त्र आठवलं. मागच्या अंगणात त्याच्यासाठी झोपाळा टांगून घ्यायला मी ह्यांना फोनसुद्धा केला होता. ह्यांनी कड्या आणून ठेवल्या आहेत.

मग मला तुम्हाला न लिहिलेली एक गोष्ट आठवायला लागली. ती मी माझ्यापुरती जपून ठेवली होती. निहार मला दुपारी आधी झोपायला लावतो. मला गादीवर ढकलतो, अंगावर चादर ओढतो आणि म्हणतो, "माई sleep first, lah." खालच्या बागेत पोरांचं ऐकून ऐकून असंच बोलतो. मग मला थोपटतो. मी हे लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. वाटायचं, हे एवढं माझ्या एकटीचं.

तुमचं पत्र आल्यावर मी झोपेचं सोंग घेतलं. इथे धुराचे दिवस आहेत, समुद्रापलीकडच्या बेटांवर जंगलं जळतात आणि धूर इथे येतो, त्यामुळे खिडक्या बंद, खोली अर्धवट अंधारी. तो थोपटायचा थांबला, तरी मी डोळे किंचित उघडे ठेवून बघत राहिले. ताई, तो बसला होता. पाठ ताठ, एका हातात माझं बोट, दुसऱ्या हातात चप्पल. डोळे लाल झाले होते, मिटत होते, आणि तो ते पुन्हा पुन्हा ताणून उघडत होता. एखादा म्हातारा रखवालदार बसावा तसा. मला बघवेना. मी उठून त्याला पोटाशी घेतलं, तर म्हणतो, "माई, no sleep?" आणि दचकला.

मी रडले. दिवाळीचा फराळ होता पुढ्यात, त्यात रडले.

क्षिप्राला सगळं सांगितलं. तुमचं पत्रही दिलं वाचायला, आता राग आला तरी चालेल. वाचून तिने ते घडी करून माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघी शर्यत लावत होता आणि मी बघत बसले होते. आई मी आहे, हे तिघींच्याही लक्षात राहिलं नाही." तिने बँकेत विचारलं आहे. सकाळी लवकर जाऊन दुपारी लवकर सुटता येईल. ब्लॉकच्या खालीच चाइल्डकेअर आहे, तिथे जानेवारीपासून अर्धा दिवस. वरुणराव 'हो' म्हणाले. ते तसे कधीही 'हो' म्हणाले असते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा या. दोन विहिणी एका छताखाली, होऊन जाऊ दे. स्वयंपाकघर माझं राहील, वरणात लिंबू पडणार नाही, आणि फ्रिजवर कागद चिकटवायचा नाही. हॉल तुमचा.

झोपाळ्याच्या कड्या ह्यांनी परत केल्या नाहीत. म्हणाले, राहू देत.

तुमची,
साधना

---

आंग मो किओ,
२० जानेवारी २००७

प्रिय साधनाताई,

हॉल अजून माझाच आहे, पण तुम्ही गेल्यापासून स्वयंपाकघरात काही सापडत नाही. हिंगाची डबी लपवून ठेवण्यात तुमचा काय हेतू होता?

तुम्ही फोनवर विचारलंत, मागे काय झालं, आणि वरुण शेजारी होता म्हणून मी 'सगळं ठीक' म्हटलं. आता खरं लिहिते. विमानतळावर तुम्ही त्याच्यासमोर बसून सांगितलंत, "माई सांगलीला जाते, आंबे आले की येते," आणि काचेपलीकडे जाऊन हात केलात. तिथवर तुम्हाला दिसलं. तुम्ही वळलात आणि तो फुटला. जमिनीवर आडवा पडला, "माई, माई" म्हणून. लोक थांबून बघत होते. मी उचलायला गेले तर मला लाथ बसली, चष्मा पडला. पिशवीतला खाऊ काढावा, विमानं दाखवावी, असं फार वाटलं. क्षिप्राने माझा हात धरून ठेवला. ती त्याच्याजवळ खाली जमिनीवर बसली, ऑफिसच्या कपड्यांत, आणि बसून राहिली. टॅक्सीत पूर्ण वाटभर तिच्या मांडीवर तो रडत होता.

मला काय वाटत होतं सांगू? मी निघून गेल्यावर माझ्यासाठी असं कुणी रडलेलं नाही. वरुणला टाकून कॉलेजला जायची तेव्हा मी त्यालाही झोपवूनच निघत असे. मला तुमचा हेवा वाटत होता, टॅक्सी घराशी येईपर्यंत.

नंतरचे दिवस तुमचंच नाव. खालच्या चाइल्डकेअरमध्येही त्याने तिथल्या मिसना सांगितलं, "माई gone Sangli, mango then come." घरी आल्यावर चपलांच्या रॅकपाशी जाऊन रिकाम्या जागेवर बोट ठेवतो आणि मला विचारतो, "माई सांगली?" मी 'हो' म्हणते. "माई coming?" मी 'हो' म्हणते. मग आत येतो. आंब्याच्या दिवसांत तुम्ही आला नाहीत तर गाठ माझ्याशी आहे.

मी परत जाईन तेव्हाही तो जागाच असेल. रडेल का, याचा मी हल्ली विचार करते.

पण मुख्य गोष्ट आजची, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. क्षिप्रा लवकर घरी आली होती, बाहेर भाजी निवडत होती. मी निहारला दुपारचं आडवं केलं, शेजारी पडले आणि सवयीने हात पुढे केला. करंगळीही केली, तुमचं ऐकून. त्याने हाताकडे बघितलं. "आजी hot," म्हणाला, हात बाजूला सारला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपला. मी निजले आहे की जागी, हे वळूनही बघितलं नाही. तोंड उघडं टाकून झोपला, थेट वरुणसारखा.

मी बराच वेळ तसाच हात पुढे ठेवून पडून होते. इतकी वर्षं जे शिकवलं त्याप्रमाणे याहून चांगलं लक्षण नाही, हे मला ठाऊक आहे. तो निर्धास्त आहे. त्याला आता माझा हात नको आणि तुमचाही नको. ज्याच्यासाठी आपण दोघी एवढ्या भांडलो, ते कुणालाच मिळालं नाही, आणि ते तसंच हवं होतं. तरी वाईट वाटलं, साधनाताई. फार वाईट वाटलं.

मग मी उठून दाराबाहेर गेले. माझ्या चपला रॅकवर होत्या, मी सकाळी काढून ठेवल्या तशाच.

तुमची,
सुचित्रा